पेन्शनच्या पोर्टलवर सुभेदारांचा पहारा

किस्से जमवायचे म्हणून मी कधी जमवले नाहीत. तलवाड्यात बाजारतळाच्या कडेला माझी पत्र्याची खोली आहे. बाहेर पाटी आहे: 'माजी सैनिक मदत केंद्र. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, हयातीचा दाखला.' माणसं झेरॉक्स काढायला येतात आणि मूळ कागद मशीनमध्येच विसरून जातात. किस्स्यांचंही तसंच होतं. कागद मी परत करतो, किस्से राहतात.

फौजेत मी पगाराच्या कामावर क्लार्क होतो. पलटणीत क्लार्कला 'बाबूजी' म्हणतात, ते नाव माझ्यामागं गावापर्यंत आलं. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे पगार लिहिले की माणसाचा स्वभाव बिघडतो. सख्ख्या भावानं शंभराची नोट दिली तरी मी ती उजेडात धरून बघतो. पण माझ्या खोलीबाहेर जे बाकडं आहे, त्यावर बसणारी मंडळी माझ्याही वरताण. ती उजेडावरसुद्धा संशय घेतात!

*

आधी सुभेदारसाहेब. ज्ञानोबा मस्के. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, पाठ अजून भिंतीसारखी सरळ. सकाळी मी 'जयभीम साहेब' म्हणालो की ते 'जयभीम, जयहिंद' असं दोन्ही म्हणतात. एकावर विसंबून राहायचा त्यांचा स्वभाव नाही.

पेन्शनचं नवं पोर्टल आलं तेव्हा सगळ्यांत आधी तेच बिथरले. त्यांचा जीव अजून पे परेडमध्ये अडकलेला आहे. आमच्या वेळी पगार म्हणजे एक सोहळा असायचा. टेबलावर कांबळं अंथरलेलं, मागं अधिकारी, शेजारी रजिस्टर घेऊन मी. मी मोठ्यानं पुकारायचो: नंबर, रँक, नाव. जवान 'हाजिर, साब' म्हणून ओरडायचा, कडक पावलं टाकत यायचा, सॅल्यूट ठोकायचा, नोटा मोजून सही करायचा. पुढं पगार बँकेत जायला लागला आणि परेड संपली. आता तर सगळं फोनवर आलं.

तसं हे नवं वाईट नाही, हे मी क्लार्क असून कबूल करतो. पूर्वी एक अर्ज लांबच्या ऑफिसात जायचा आणि वर्षानं 'जोडपत्र नाही' असा शेरा घेऊन परत यायचा. आता अर्ज कुठं अडकलाय ते निदान खोलीत बसून दिसतं. अडकतो तो अडकतोच, पण दिसतं!

मी हे सुभेदारसाहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी फोनवरचा पेन्शन जमा झाल्याचा मेसेज लांब धरून वाचला, फोन उलटा करून मागून बघितला, आणि विचारलं,

"पगार देनारा दिसतच न्हाई, तर सलाम कुनाला ठोकायचा?"

त्या दिवसापासून मेसेज आला की ते एसटी पकडून गेवराईला जातात आणि बँकेत पासबुकावर छापून आणतात. मग ते पासबुक मला दाखवतात. मी 'बरोबर आहे' म्हणालो की संशयानं माझ्याकडं बघतात.

*

दुसरे बाबूराव नाईक. नाईक हे आडनाव नाही, रँक. माजलगावकडं धरणाच्या पाण्यावर त्यांचा ऊस आहे, सासुरवाडी मात्र तलवाड्याची, म्हणून आमच्या बाकड्यावर असतात. त्यांचं पोर्टलवर खातं उघडायचं होतं. मी कॉम्प्युटरवर बसलो, त्यांच्या फोनवर ओटीपी आला. मी आकडा विचारला. बाबूरावांनी फोन छातीशी धरला.

"तुमीच बाहेर बोर्डावर लिवलंय ना, ओटीपी कुनालाच सांगू नका म्हनून?"

मी म्हणालो, अहो तो बोर्ड चोरांसाठी आहे. ते म्हणाले, चोर बी असंच म्हनंल. शेवटी ठरलं की आकडा ते स्वतः टाकतील. एका बोटानं एकेक आकडा शोधेपर्यंत वेळ संपायचा, नवा ओटीपी यायचा. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी ते म्हणाले, तुमी बघताय म्हनून हात थरथरतो. तेव्हा मी माझ्याच केंद्रातून बाहेर पडून लिंबाखाली उभा राहिलो. गिऱ्हाईक आत, मालक बाहेर! बाजारातून जाणारा एकेक जण मला विचारत होता, 'काय बाबूजी, जप्ती आली का?'

पण खरी करामत पासवर्डची. तो एका माणसाकडं असणं धोक्याचं, असं बाबूरावांचं मत पडलं. म्हणून त्यांनी त्याचे दोन तुकडे केले. पहिला बायकोला पाठ करायला दिला, दुसरा धाकट्या भावाला. स्वतः मुद्दाम विसरून गेले.

पुढच्या महिन्यात खातं उघडायची वेळ आली तेव्हा मला कळलं की बायको आणि भाऊ यांचं बांधाच्या भांडणावरून सात वर्षं बोलणं बंद आहे. दोघांना माझ्या खोलीत आणलं. वहिनी भिंतीकडं तोंड करून अर्धा बोलल्या, भाऊ दाराकडं तोंड करून अर्धा बोलला. खातं उघडलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. बाबूराव मात्र खूश होते.

"बगा, फुटला का पासवर्ड? सात वर्षं गॅरंटी हाय."

*

मधल्या काळात सुभेदारसाहेबांच्या साडूला कुणीतरी 'पेन्शन ऑफिसातून बोलतोय' म्हणून फोन केला आणि त्याचं खातं रिकामं केलं. सुभेदारसाहेबांनी त्याच आठवड्यात फोनवर पहारा बसवला. पहाऱ्याची रीत फौजेतलीच. अंधारात कुणी आलं की संतरी ओरडतो, 'थम! कौन आता है?' येणाऱ्यानं जागीच थांबून 'दोस्त' म्हणायचं. मग संतरी पासवर्ड विचारतो. तो जुळला तरच पाऊल पुढं.

सुभेदारसाहेब दर सोमवारी नवा पासवर्ड ठरवायचे. एकदा 'सिंदफणा', एकदा 'नारायणगड', एकदा नुसतंच 'वांगं'. तो फक्त मला आणि घरच्यांना माहीत असायचा. एकदा जावयानं पुण्याहून फोन केला आणि गेल्या सोमवारचा पासवर्ड सांगितला. साहेबांनी कट केला. बिचारा बाप झाला होता, ते सांगायला फोन केलता!

आणि मग खरोखरच पेन्शन ऑफिसातून फोन आला. नव्या पोर्टलवर कागद चढवताना एक रकाना कोरा राहिला होता, तेवढंच विचारायचं होतं. साहेबांनी आवाज चढवला, 'थम! कौन आता है?' पलीकडचा गडबडला आणि 'जी, मैं पेन्शन ऑफिस से' म्हणाला. साहेबांनी पासवर्ड विचारला, त्याला तो येईना. कट. असं तीन दिवस तीनदा झालं. महिन्याभरानं पत्र आलं: तीन वेळा संपर्क साधला, आपण सहकार्य करत नाही, सबब कागद घेऊन समक्ष हजर राहावे.

मी कपाळाला हात लावला. औरंगाबादला दोन खेपा माराव्या लागल्या त्यांना. पण साहेबांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं, तेही माझ्याकडूनच, आणि बाकड्यावर सगळ्यांना दाखवलं. त्यांच्या मते चौकी पडली नव्हती. मी न राहवून विचारलं, समजा तो खराच असता तर? ते म्हणाले,

"खरा असता तर 'दोस्त' म्हनला असता. एकानं बी म्हनलं न्हाई."

*

इथवर हसण्यावारी चाललं होतं. मग कौसाबाईंचं प्रकरण आलं.

कौसाबाई साळवे. नवरा उत्तम फौजेत शिपाई होता, बर्फाच्या चौकीवर गेला तो परत आला नाही. तेव्हा कौसाबाईंच्या कडेवर वर्षाचा पोरगा होता. आता त्या साठीला आल्यात आणि फॅमिली पेन्शनवर नातीचं नर्सिंगचं शिक्षण चाललंय. शीतल बीडला हॉस्टेलमध्ये राहते, दुसऱ्या वर्षाला आहे. बाकी घर दर हिवाळ्यात ऊसतोडीला जातं, पोराच्या टोळीबरोबर कौसाबाईही जातात मोळ्या बांधायला. गेल्या नोव्हेंबरात त्या कर्नाटकच्या सीमेवर फडात होत्या आणि हयातीचा दाखला राहून गेला. मुदतवाढ मिळत मिळत आषाढात पेन्शन बंद झाली. दिवाळीपर्यंत सुरू झाली नाही तर शीतलचं नाव काढायचं आणि तिलाही टोळीत न्यायचं, असं घरात ठरलं होतं. हे मला कौसाबाईंनी एका दमात सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय ओ. तिच्या हातात कोयता नगं."

मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे मावशी, अंगठा ठेवा. मशीनला लाल दिवा लागला. दुसरा अंगठा, लाल. मग एकेक करून दहाही बोटं. तीस वर्षं उसाची पाचट ओढून त्या बोटांवर एक रेघ शिल्लक नव्हती. वाटीच्या बुडासारखी गुळगुळीत झाली होती.

"काय म्हनतंय मशीन?" त्यांनी विचारलं.

"ओळख पटत नाही म्हणतंय."

"मी तरी कुटं वळखते त्याला!"

मी हसलो आणि दुसरा उपाय काढला. आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. फोनसमोर बसायचं, दोनदा पापण्या मिटायच्या, म्हणजे माणूस जिवंत आहे हे फोनला कळतं. कौसाबाई बसल्या आणि डोळे वटारून बघत राहिल्या. मी म्हणालो, मावशी, डोळे मिटा. त्या मिटेनात. डोळ्यांतून पाणी आलं तरी मिटेनात. तासाभरानं मी वैतागून कारण विचारलं, तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि हळूच सांगितलं,

"डोळं मिटलेला फोटू मेलेल्याचा काडत्यात, बाबूजी. तुमी तो वर धाडला, मंग मी जिती हाय म्हनून कुनाला सांगू?"

माझ्याकडं बघून त्या हे म्हणाल्या. त्यांचा संशय फोनवर नव्हता, माझ्यावर होता. मी समजावलं, शपथा घातल्या, तेव्हा त्यांनी पापण्या मिटल्या खऱ्या, तर फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. त्याच्याकडचा फोटो जुना होता आणि मधे बरेच हिवाळे गेले होते.

*

संशय पत्र्याच्या खोलीतून बाहेर पडायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत बाकड्यावर बोलणं सुरू झालं की कौसाबाईची पेन्शन बाबूजीच खातोय. आणि एका सकाळी मी केंद्र उघडायला गेलो तर बाकडं आडवं लावून सुभेदारसाहेब मधोमध बसलेले. शेजारी बाबूराव वही घेऊन. मला समोर उभं केलं. फौजेतली कोर्ट ऑफ इन्क्वायरी, माझ्याच दारात!

पहिला प्रश्न, खोलीत नवा कूलर कुठून आला. मी सांगितलं, जावयानं दिला. जावयाला कुठून आला? त्याला पगार आहे. पगाराचा पुरावा? मी म्हणालो, साहेब, तुम्ही मला चाळीस वर्षं ओळखता. ते शांतपणे म्हणाले,

"वळखतो म्हनून तर इचारतो. अनोळख्याला कावून इचारू?"

मला राग आला. राग कसला, लागलंच ते मनाला. मी कौसाबाईंचे सगळे अर्ज, पोचपावत्या, पोर्टलवरचे शेरे छापून बाकड्यावर आपटले. साहेबांनी चष्मा लावून एकूण एक कागद वाचला. दुपार झाली. शेवटी निकाल दिला आणि बाबूरावांकडून वहीत लिहून घेतला: 'पुरावा नाही. नजर ठेवावी.'

तेव्हापासून ते रोज माझ्या दारात बसू लागले आणि कोण आलं, कोण गेलं ते लिहू लागले. गंमत म्हणजे घरी गेल्यावर मी विचार केला, त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? हेच. फक्त कूलरचं बिल मागितलं असतं.

*

दसऱ्यानंतर गेवराईला पेन्शनवाल्यांचा कॅम्प लागला. एक गाडी, तीन कॉम्प्युटर आणि एक तरुण कॅप्टन. मी कौसाबाईंना घेऊन गेलो. सुभेदारसाहेब बाबूरावांना घेऊन मागून आलेच, नजर ठेवायला. त्यांनी आधी गाडीची नंबरप्लेट तपासली. मग खाली वाकून टायर बघितले. मग कॅप्टनसमोर जाऊन सॅल्यूट ठोकला आणि त्याचं ओळखपत्र मागितलं. पोरगा चांगला. त्यानं हसून काढून दिलं. साहेबांनी ते उजेडात धरून बघितलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जरा आपुलकी वाटली.

मशीननं तिथंही कौसाबाईंना ओळखलं नाही. कॅप्टननं त्यांचे दोन्ही तळवे आपल्या हातात घेऊन पाहिले, मशीन बाजूला सारलं आणि कागदावर स्वतःच्या हातानं दाखला लिहिला: ही बाई माझ्यासमोर जिवंत उभी आहे. खाली सही, शिक्का. मग म्हणाला, आता ऑफिसातून खात्री करायला एक फोन येईल. माताजींनी तो घ्यायचा आणि विचारतील ते सांगायचं. बोलणं झालं नाही तर कागद परत येईल आणि सगळं पहिल्यापासून.

मी आणि बाबूराव, दोघांनी एकदमच वळून सुभेदारसाहेबांकडं बघितलं.

*

शेवटचा किस्सा सांगायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. पेन्शन सुरू झाली, मागची थकलेलीही आली. शीतल हॉस्टेलमध्येच आहे, परवा सुट्टीत येऊन माझं बीपी तपासून गेली.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. कॅम्पनंतर दिवसांमागून दिवस गेले, फोन आला नाही. टोळीचा ट्रॅक्टर समोर बाजारतळावर येऊन लागला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. कौसाबाई भांड्यांचं गाठोडं बांधून, फोन मुठीत धरून सकाळपासून माझ्या दारात बसल्या होत्या. ट्रॅक्टरमध्ये शीतलची जागा धरायची की नाही, हे त्या फोनवर होतं. एका बाजूनं मी त्यांना समजावत होतो, मावशी, विचारतील ते नीट सांगा. दुसऱ्या बाजूनं सुभेदारसाहेब त्यांना पहाऱ्याची तालीम देत होते: आपन आदी नाव सांगायचं न्हाई, आदी त्यानं सांगायचं. कौसाबाई दोघांचंही ऐकत होत्या आणि दोघांनाही हो म्हणत नव्हत्या.

दुपारी फोन वाजला. मी स्पीकर लावला. पलीकडं एक बाप्या माणूस होता, आवाज थकलेला, सकाळपासून असे पन्नास फोन केल्यासारखा. नमस्ते माताजी म्हणाला आणि खात्रीसाठी नवऱ्याचं नाव विचारलं.

"आदी तुमी सांगा," कौसाबाई म्हणाल्या.

पलीकडचा म्हणाला, माताजी, नियमानं ते तुम्हाला सांगायचं असतं. मी त्यांच्यासमोर हात जोडले. ट्रॅक्टर दाखवला. त्या माझ्याकडं बघेनात.

"तुमी पेन्शन देनार ना? मंग तुमच्याकडं लिवलेलं असंल. वाचा."

आता हा फोन ठेवतो, असं मला वाटलं. मग कागद उलटल्याचा आवाज आला. त्या माणसानं घसा साफ केला आणि वाचलं. आधी तो लांबलचक नंबर, एकेक आकडा सुटा. मग,

"सिपाही उत्तम भिवाजी साळवे."

मी पे परेडला पुकारायचो, अगदी त्याच चालीत. मला वाटतं तोही जुना फौजीच असावा. मग त्यानं विचारलं, बरोबर आहे ना माताजी?

कौसाबाई गाठोड्यावर हात ठेवून बसून राहिल्या. तो 'हॅलो, हॅलो' करायला लागला. तेव्हा त्या म्हणाल्या,

"पुन्हा एकदा म्हना."

त्यानं विचारलं नाही कशाला. पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश. नंबर, रँक, नाव.

आणि माझ्यामागं बाकडं करकरलं. सुभेदारसाहेब उठून उभे राहिले होते. चपला जुळवलेल्या, मुठी मांडीला चिकटलेल्या, नजर समोर रस्त्यापलीकडं. फोनवर स्वतःचं नावसुद्धा कधी न सांगितलेला तो माणूस सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडला,

"हाजिर, साब!"

पलीकडचा दचकला. पुरुषाचा आवाज, आणि उत्तर मेलेल्या माणसाच्या नावाला. तो घाईघाईनं विचारू लागला, "माताजी? माताजी, वहाँ यह कौन बोला?"

कौसाबाईंनी सुभेदारसाहेबांकडं बघितलं. मग फोन तोंडाजवळ नेला.

"दोस्त," त्या म्हणाल्या.